आत दुमडलेलं कापड

८ ऑक्टोबर

आक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. जिना कमी चढा असं लिहून काही उपयोग नाही हे मला माहीत आहे, तरी लिहायची रीत म्हणून लिहितो. मी फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात. पण उचलला तरी तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, मग मी ओरडून बोलणार आणि मागच्या खोलीत तुमच्या बहिणीला, धाकटीला, सगळं ऐकू जाणार. त्यापेक्षा पत्र बरं.

दुकान ठीक चाललंय. शाळेचे गणवेश उरकले, आता कोटांचा हंगाम. बँकेतले ते जाडे साहेब आले होते नव्या सुटाचं माप द्यायला. नेहमीसारखे पोट आत ओढून उभे राहिले. धाकटीने टेप गुंडाळला, बोटाने पोटाला टोचलं आणि म्हणाली, "श्वास सोडा साहेब. सूट तुम्ही घालणार आहात, मला फसवून काय मिळणार?" साहेब हसले, पोट जागेवर आलं, तिने आकडा सांगितला, मी लिहून घेतला. एवढी वर्षं झाली, पण आमच्या दुकानात अजून, आम्ही दोघं शिकलो त्या तुमच्याच कारखान्याची पद्धत आहे. माप घेणार ती, कापणार ती, मशीनवर मी. तुम्ही म्हणायचात, ह्याला हात आहे पण डोकं नाही, म्हणून ह्याला मशीनवर बसवा आणि धाकटीला कात्री द्या. थट्टेने मला मास्तर म्हणायला लागलात, ते नाव अजून चिकटून आहे. आमचं लग्नही तुम्हीच लावून दिलंत, एका टेबलावर सारखे भांडतात म्हणून.

आता मुद्द्याचं लिहितो. कधीपासून बाजूबाजूने जातोय ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

मागच्या पत्रात धाकटीचं पित्त म्हणून लिहिलं होतं. ते पित्त नाही निघालं. दुर्बीण घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर आहे, जठराचा. हा शब्द एकदा लिहिला, आता पुन्हा लिहिणार नाही.

डॉक्टरबाई वयाने आमच्याएवढ्याच आहेत. सावकाश, समजेल असं बोलल्या. आधी सलाइनमधून औषध द्यायचं, गाठ लहान झाली तर ऑपरेशन, नाही झाली तर मग बघू. "मग बघू" म्हणताना त्यांनी कागदावर पेन फिरवलं, पण काही लिहिलं नाही. मी सगळं ऐकत होतो आणि काहीच ऐकत नव्हतो. धाकटी मात्र बाईंच्या पांढऱ्या कोटाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, धक्का बसलाय. बाहेर आल्यावर मला म्हणते, "खिसा तिरका लावलाय रे. एवढ्या शिकलेल्या बाई, दिवसभर तिरका खिसा घालून फिरतात." मग बाकावर बसली आणि पाणी मागितलं. मी पाणी आणायला गेलो तो नळापाशीच उभा राहिलो. पेला भरून वाहत होता तरी नळ बंद करायचं सुचेना.

पहिलं औषध झालं. उलट्या झाल्या, पण सांगितल्या होत्या तेवढ्याच. जेवण नावाला आहे. दुपारी गुंगीत झोपते, तेव्हा मी दुकानाचं दार लोटून घेतो आणि घरातली थोडी उसवाउसव उरकतो.

तुम्ही येऊ का म्हणून विचाराल. नका येऊ. तुमचे गुडघे तसे, प्रवास लांबचा, इथे मागची एकच खोली. शिवाय तुम्ही आलात की तिला वाटेल, आक्का आली म्हणजे प्रकरण मोठं दिसतंय. जरा स्थिर झालं की मीच कळवीन.

इकडची काळजी नसावी.

तुमचा,
मास्तर


३ डिसेंबर

आक्कांना नमस्कार.

पार्सल मिळालं. जाकीट काय सुरेख झालंय! ते गडद निळं कापड तुमच्याकडे अजून शिल्लक होतं हे बघून धाकटीला हसू आलं. म्हणाली, आक्काच्या कपाटातून एक दिवस आमचे लहानपणचे परकर निघतील. अंदाजाने शिवलंत, माप मागवलं नाहीत, तरी अगदी अंगासरशी बसलं. दिलं त्या दिवशी तिने घातलं ते संध्याकाळपर्यंत काढलं नाही. वरून कॉलर चाचपली, खाली अस्तराच्या कडेवरून बोट फिरवत बराच वेळ बसली. तुमची आठवण आली असणार.

तुमच्या पत्रातला एक प्रश्न मनाला लागला. "माझ्या बहिणीला भेटायला मला तुमची परवानगी लागते का?" नाही लागत, आक्का. ती तुमची आधी आहे, माझी नंतर. ही माझी विनंती आहे असं समजा. आत्ता नका येऊ. कारण विचारू नका, किंवा विचारा, पण मी गुडघ्यांचंच सांगणार.

तब्येतीचं सांगतो. तुम्ही वजन विचारलंत. तुमच्या यजमानांच्या आजारपणातलं तुमच्या मनात आहे, कळतं मला. तर वजन सुरुवातीला थोडं उतरलं, पण त्यानंतर काटा तिथेच आहे. दर वेळी औषधाआधी वजन करतात. नर्सबाई फार घाईत असतात आणि ती खोली बर्फासारखी गार, म्हणून धाकटीला कोटासकटच काट्यावर उभी करतात. मी समोर बसून बघतो. काटा हलतो, हलतो आणि तिथेच येऊन थांबतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढं औषध चालू असताना वजन टिकलंय, छान आहे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला म्हणा. पण घरी येऊन मी आमचा टेप लांबवून फुटपट्टीशी ताडून बघितला, कुठे ताणला गेला आहे का म्हणून. टेप बरोबर आहे.

हे मी कशाला लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, कागद घाण दिसतो.

औषध मात्र तिला भारी पडतंय. तोंड आतून सोललंय. पाणी पिताना डोळे मिटून घेते. बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे कात्री धरवत नाही. दुसऱ्यांना एवढा त्रास होत नाही असं तिथल्या बाकावर बसलेल्या बायका सांगतात. परवा मात्र ती आरशासमोर उभी राहिली, दोन्ही बाजूंनी वळून बघितलं आणि म्हणाली, "बघ, कपडे अजून मापात बसतात. म्हणजे बरीच आहे की मी." मी म्हटलं, "मग! मी काय सांगतोय?" आणि मशीनवर जाऊन बसलो.

कापायचं कामही आता मीच करतो. तुम्ही असतात तर माझं कापणं बघून कात्री काढून घेतली असतीत. त्यात कापडावर ठेवायची ती लोखंडी वजनं सापडत नाहीत. आधी एक गेलं, मग दुसरं, आता टेबलावर एकही नाही. धाकटीला विचारलं, तर म्हणते, असतील इथेच, तुला डोळे आहेत का? सध्या इस्त्री आणि पाण्याचा तांब्या ठेवून कापतो. कापड सरकतं, मी चिडतो. बँकेतल्या साहेबांच्या सुटाची बाही वाकडी गेली. त्यांनी काही म्हटलं नाही. आजकाल कुणी मला काही म्हणत नाही, ह्याचाच जास्त राग येतो.

येणारा जाणारा फक्त एकच वाक्य म्हणतो. हिंमत ठेवा. शेजारचा घड्याळवाला सकाळी म्हणतो, पोस्टमन दुपारी म्हणतो. ठेवतो बाबांनो, पण कुठे ठेवू? एकाने तर सांगितलं, मन आनंदी ठेवलं की निम्मा आजार पळतो. धाकटी आतून ओरडली, "उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते विचार त्यांना!" अजून जीभ शाबूत आहे, एवढं तुमच्या समाधानासाठी कळवतो.

माझं म्हणाल तर मी रडत नाही. रडावंसं वाटलं की मशीन चालवतो.

इकडची काळजी नसावी.

तुमचा,
मास्तर


१९ जानेवारी

आक्कांना नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं आली. उत्तर लिहिलं नाही, कारण खोटं लिहायचं त्राण नव्हतं आणि खरं कुठून सुरू करायचं कळत नव्हतं. आता धाकटीच समोर कॉटवर उशीला टेकून बसली आहे आणि म्हणते, "लिही. काही गाळू नकोस. मी वाचून बघणार आहे." तेव्हा लिहितो.

तुमचं जाकीट अंगासरशी बसलं असं मी लिहिलं होतं. नव्हतं बसलं. पार्सल उघडलं, ते तिच्यासमोर नाही, दुकानात उघडलं. जाकीट हातात धरलं आणि मला कळलं की हे जुन्या धाकटीचं आहे, जी तुमच्या डोळ्यांसमोर आहे तिचं. तिला ते घातलं असतं तर लहान मुलीने आईचं जाकीट घातल्यासारखं दिसलं असतं. म्हणून ती झोपलेली असताना मी अस्तर उसवलं, दोन्ही कुशी आत घेतल्या, खांदे आत घेतले, अस्तर पुन्हा हाताने टाके घालून मिटवलं, जुन्या शिवणीची खूण राहू नये म्हणून ओला कपडा ठेवून इस्त्री मारली आणि मग घडी घालून, तुमच्याच कागदात गुंडाळून तिला दिलं.

जाकिटावर थांबलं असतं तर निराळं. पहिल्या औषधाच्या आधीपासून मी हेच करत होतो. तिचे झगे, सदरे, अंगावरचे आतले कपडे, सगळे. दुपारी ती झोपली की एकेक घेऊन बसायचं, कुशीत अंगठ्याएवढं आत घ्यायचं. आठ-पंधरा दिवसांनी परत तेच. तिने आरशात बघावं आणि कपडा ढगळ दिसू नये, एवढंच मला हवं होतं. माणसाला आपण वाळलो हे आधी कपडा सांगतो. मी कपड्याचं तोंड बंद केलं.

आणि म्हणून तुम्हाला येऊ देत नव्हतो, आक्का. गुडघेबिडघे सगळी सबब. तुम्ही दारात पाऊल टाकताच म्हणाला असता, "अगं बाई, किती वाळलीस!" तुमच्या तोंडाला कुलूप नाही हे तुम्हालाही मान्य आहे. तेवढं एक वाक्य घरात येऊ नये म्हणून मी तुम्हाला दाराबाहेर ठेवलं.

आता इस्पितळातलं.

या वेळी नर्सबाई नव्या होत्या. तरुण, नियमाने वागणारी मुलगी. म्हणाली, "आजी, कोट काढा." धाकटी म्हणाली, थंडी वाजते. मुलगी म्हणाली, "एक मिनिटच." धाकटीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मदत मागतेय. मी उठलो, मागून कोट काढून घेतला, आणि तो माझ्या हातातून खाली गेला. एवढा जड. फरशीवर आपटला तो आवाज लोखंडाचा होता. खिशातून एक वजन घरंगळत बाकाखाली गेलं. दुसरं, तिसरं अस्तराच्या आत होतं. तिने आतून खिसे शिवले होते त्यांच्यासाठी. मुंग्या आलेल्या बोटांनी शिवलेले, वेडेवाकडे टाके, आयुष्यात तिने असे टाके घातले नसतील.

ती काट्यावर उभी होती, नुसत्या झग्यात. काटा कुठे जाऊन थांबला ते मी बघितलं. नर्सबाईंनी बाकाखालून वजन उचलून आणलं आणि माझ्या हातात दिलं.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावरचे जुने आकडे एकेक करून खोडले. मग म्हणाल्या, "आम्ही औषध वजनावर बेततो. तुम्हाला जेवढं द्यायला हवं होतं त्याहून जास्त जात होतं." मी विचारलं, "त्याने काही फरक पडला का?" म्हणाल्या, "आजारात नाही. त्रासात पडला असेल."

सोललेलं तोंड, बोटांच्या मुंग्या, डोळे मिटून प्यायलेलं पाणी. ते सगळं कितीतरी कमी होऊ शकलं असतं, आक्का. आणि उपयोग? आजारात नाही. कमी औषधानेही हेच झालं असतं आणि जास्त औषधानेही हेच झालं. बाईंनी फोटो दिव्यावर लावून दाखवला. यकृतात गेलंय, इकडेतिकडेही गेलंय. औषध थांबवायचं म्हणाल्या. ऑपरेशनचं नावही निघालं नाही. "घरी न्या. दुखू नये एवढं आपण बघू." मी किती दिवस म्हणून विचारणार होतो. धाकटीने माझा हात दाबला, म्हणून नाही विचारलं. बाईंच्या कोटाचा खिसा अजून तिरकाच होता.

रिक्षात कोट माझ्या मांडीवर होता. घरी येऊन वजनं काढून टेबलावर ठेवली, आणि मग मी तिच्यावर ओरडलो. मरायला टेकलेल्या बायकोवर कुणी ओरडत नाही, पण मी ओरडलो. अक्कल गहाण टाकलीस का, लोखंड घेऊन काट्यावर चढतेस, स्वतःला मारून घ्यायचं होतं का? तिने ओरडून घेऊ दिलं. मग म्हणाली,

"तू त्या काट्याकडे कसा बघायचास, ते तुला दिसलंय का कधी? आकडा उतरला की तुझं तोंड उतरायचं. दोनदा बघितलं मी ते. तिसऱ्या वेळी घरून वजन घेऊन गेले. मला काय माहीत, औषध त्यावर बेततात म्हणून?"

"मला सांगायचं."

"तू सांगितलंस?" तिने अंगातल्या झग्याची कूस चिमटीत धरून मला दाखवली. "हे काय आहे?"

मी टेबलावरची वजनं एका रांगेत लावायला लागलो.

"आक्का डावखुरी आहे रे," ती म्हणाली. "तिची कात्रीसुद्धा दुसऱ्या कुणाच्या हातात चालत नाही. हातशिलाई केली की तिचे टाके उलट्या बाजूला कलतात. मी लहानपणापासून तेच बघत आले. जाकीट आलं त्या दिवशी अस्तरावरून बोट फिरवलं आणि कळलं, हे उजव्या हाताने मिटवलंय. मग एकेक कपडा उलटा करून बघितला. सगळीकडे तूच."

म्हणजे आरशासमोर उभी राहून "कपडे मापात बसतात" म्हणाली ती माझ्यासाठी. मी "मग!" म्हणालो ते तिच्यासाठी. आक्का, तुमच्याकडे शिकलेली दोन माणसं, आणि दोघांनी मिळून एवढ्या महिन्यांत एक धड माप घेतलं नाही.

आणि रडू आलं की मी मशीन रिकामंच चालवायचो, तेही तिला माहीत होतं. "सुईखाली कापड नसलं की मशीनचा आवाज वेगळा येतो, हे मला कळत नाही होय? कितीदा वाटायचं उठून बाहेर यावं. पण तू मग मशीनही चालवलं नसतंस."

त्यानंतर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. मांडी कसली, नुसतं हाड. तीही रडली. दिवसाउजेडी, दुकान उघडं, दोन गिऱ्हाइकं येऊन बघून परत गेली. लोकांनी काय ते समजावं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एका खोलीत बसून एकाच गोष्टीवर रडत होतो. त्याने बरं वाटलं असं मी लिहिणार नाही. बरं वाटण्यासारखं काही उरलेलं नाही. पण त्या दिवशी मशीन चालवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "टेप आण. माप घे."

मी म्हटलं, कशाला? म्हणाली, आण म्हटलं ना. भिंतीला धरून उभी राहिली. आमच्या संसारात मी तिचं माप कधी घेतलं नव्हतं, तीच घ्यायची सगळ्यांचं. मी छातीभोवती टेप आणला. आपण ढिलाईसाठी टेपाखाली एक बोट ठेवतो तसं ठेवलं. मग दुसरं ठेवलं. तिसरंही सरकवलं असावं, माझं मला कळलं नाही.

"बोट काढ," ती म्हणाली.

मी एक काढलं.

"सगळी काढ. आणि मोठ्याने सांग. दुकानात सांगतात तसं."

मी मोठ्याने सांगितलं. छाती, कंबर, खांदा, दंड. तिने प्रत्येक आकडा माझ्यामागे एकदा म्हटला. दंडाच्या आकड्याला माझा आवाज फुटेना, तर म्हणाली, "श्वास सोड, मास्तर." बँकेतल्या साहेबांना सांगते त्याच आवाजात. सगळी मापं झाल्यावर खाली बसली आणि म्हणाली, "चला. कळलं आता."

आकडे मी इथे लिहीत नाही. तुम्ही स्वतः बघाल.

पुढचं लिहायला जड जातंय, पण ती बघतेय.

ती म्हणाली, कुशीत बोचतं. झगा उतरवून तिने मला बगलेखालची जागा दाखवली. कातडी लाल होऊन सोलली होती, दोन्हीकडे, शिवणीच्या रेषेत. कारण मी कपडे आत घेतले, पण जास्तीचं कापड कापलं नव्हतं. एकदाही नाही. दर वेळी आत दुमडून ठेवायचो, भरपूर माया ठेवून. तुम्हीच शिकवलंत, वाढत्या अंगाच्या पोरांचे कपडे असेच शिवायचे, पुढे उसवता येतात. ती बरी होईल, अंग भरेल, मग मी एकेक शिवण सोडत जाईन, आणि शेवटी कपडे होते तसे होतील, असा माझा बेत होता. कुणाला सांगितला नव्हता, पण होता. त्या दुमडीवर दुमडी साचत गेली आणि दोरीसारखी जाड होऊन तिच्या बरगड्यांना घासत होती. ती कधी बोलली नाही.

"कापून टाक ते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "एकदा कापलं की परत उसवता येणार नाही."

"माहितीये मला. मी कातरकाम करते, तू नाही."

मग मी कापलं. ती समोर बसून बघत होती आणि मी एकेक कपडा उलटा करून आतलं कापड शिवणीलगत कापत होतो. तिची कात्री, तिला आता न धरवणारी. सहसा मी कापताना ती काहीतरी बोलते, सरळ धर, टोक उचलू नको, असं. या वेळी तिने नुसतं कापडाचं दुसरं टोक धरलं. पट्ट्यांचा ढीग झाला टेबलावर, पिवळ्या झग्याच्या, करड्या सदऱ्याच्या, आमच्या लग्नानंतर तिने पहिल्यांदा शिवलेल्या त्या रेघांच्या झग्याच्या. तिने सगळ्या गोळा केल्या आणि गुंड्यांच्या डब्याखाली ठेवल्या. टाकू नको म्हणाली नाही, टाक म्हणाली नाही.

नंतर तिने रेघांचा झगा घातला, हात वर-खाली करून बघितला आणि म्हणाली, "आता टोचत नाही." एवढ्यासाठीच उरलोय मी आता. टोचू नये एवढ्यापुरता.

तुमचं जाकीट तेवढं राहिलंय. त्याला मी कात्री लावली, तर तिने हात धरला. म्हणाली, ते आक्काचं आहे, ते आक्का कापेल, आणि अस्तर परत तिच्या हाताने मिटवेल. तोवर ती ते उलटं घालून बसते, शिवण बाहेर करून. घड्याळवाल्याला वाटलं, आता डोक्यावरही परिणाम झाला.

तेव्हा, आक्का, या. घर लहान आहे, मी दुकानात टेबलाखाली झोपतो, तुम्ही तिच्याजवळ झोपा. दारात आल्या आल्या जे तोंडातून निघेल ते निघू द्या. तिनेच सांगितलंय लिहायला. "आक्काने 'किती वाळलीस' म्हटलं नाही, तर मला वाटेल कुणी परकंच आलंय."

मागच्या दोन्ही पत्रांत शेवटी जे लिहिलं होतं, ते या पत्रात लिहीत नाही.

गुडघ्यांना सांभाळून, पण लवकर या. तुमची डावी कात्री घेऊन या. आमच्या कात्रीने तुमच्या हाताला कापता येणार नाही, आणि ते जाकीट तिला थंडीत सुलटं घालायचंय.

तुमचा,
मास्तर